आमची वाटचाल: जारच्या आत जार

२०१४ साली वागळे इस्टेटमध्ये गाळा भाड्याने घेतला. खाली लेथची खडखड, वर आम्ही तिघं. तुर्भ्याच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांसाठी आवक, तोलाई, पट्टी यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर जावात लिहायचो. एका गाळ्याने दुसऱ्याला सांगितलं, तसा धंदा वाढला. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

सांगायचंय ते १० डिसेंबर २०२१ बद्दल. शुक्रवारी संध्याकाळी एका ग्राहकाच्या आयटीवाल्याचा फोन आला, ''साहेब, तुमच्यात लॉगफोरजे आहे का?'' लॉगफोरजे म्हणजे प्रोग्रॅममध्ये काय घडलं त्याच्या नोंदी, म्हणजे लॉग, लिहिणारी जावाची लायब्ररी (आयता कोड). तिच्यातला मोठा दोष नुकताच जगजाहीर झाला होता. मी म्हटलं, ''नाही हो.'' थाप मारली नव्हती, वापरलेल्या लायब्रऱ्यांची यादी असते त्या आमच्या पॉम फाइलीत ते नाव खरंच नव्हतं. मग डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कुठली लायब्ररी आणखी कुणाला सोबत आणते त्याची उतरंड, काढला आणि घाम फुटला. रिपोर्ट छापायला घेतलेली लायब्ररी त्याला काखेत घेऊन आली होती. लॉगिनच्या चौकटीत कुणी एक खास ओळ टाकली आणि ती लॉगमध्ये गेली, की सर्व्हर बाहेरून कोड आणून चालवणार. दहापैकी दहा गुणांचा धोका!

प्रत्येक ग्राहकाकडे वेगळी आवृत्ती आणि कुणाकडे काय दिलंय याची नोंद फक्त डोक्यात. रात्रभर एकेक वॉर फाइल, म्हणजे ग्राहकाला दिलेल्या सॉफ्टवेअरचं गाठोडं, उघडत बसलो. एकात नाव शोधून काही सापडेना. शेवटी जेएनडीआयलुकअप हा क्लास, म्हणजे लॉगफोरजेमधला दोषाचं मूळ असलेला कोडचा तुकडा, शोधला, तर तो दुसऱ्याच नावाच्या जारच्या (लायब्ररीच्या फाइलीच्या) पोटात निघाला. लॉगफोरजेची सुधारलेली २.१५ बसवून हुश्श केलं, तर २.१६ आली. महिना संपेपर्यंत २.१७.१.

जानेवारीत कोडपासून सॉफ्टवेअर आपोआप बांधणाऱ्या, म्हणजे बिल्ड करणाऱ्या, जेन्किन्सवर ओवास्प डिपेंडन्सी-चेक हे लायब्रऱ्यांतले माहीत असलेले दोष शोधणारं साधन जोडलं. पहिल्यांदा अमेरिकेच्या एनव्हीडी या दोषांच्या नोंदवहीची अख्खी यादी उतरवायलाच इतका वेळ गेला, की दोनदा खाली जाऊन कटिंग पिऊन आलो. आणि इथेच मी माती खाल्ली. कुठलाही दोष दिसला की बिल्ड पाडायचा, असा नियम केला. बिल्ड रोज लाल. हे साधन नावावरून अंदाज बांधतं, त्यामुळे भलत्याच उत्पादनाचा दोष आमच्या जारच्या माथी. आठवड्यात कुणीतरी तपासणी वगळायचा पर्याय गुपचूप चालू केला. तो कुणीतरी म्हणजे मीच. शनिवारी डिलिव्हरी होती.

आता सातच्या वरचा धोका असेल तरच बिल्ड अडतो. सूट द्यायची तर एका ओळीत कारण आणि साठ दिवसांची मुदत, मुदत टळली की पुन्हा लाल. तपासणी रात्रीही चालते, कारण आपण कोडला हात लावला नाही तरी त्यातले दोष बाहेर यायचे थांबत नाहीत. दिलेल्या प्रत्येक आवृत्तीसोबत आत कुठकुठल्या लायब्रऱ्या आहेत त्याची सायक्लोनडीएक्स या ठरलेल्या साच्यातली यादी जपून ठेवतो. माझ्या मते स्कॅनरपेक्षा ही यादीच जास्त उपयोगाची. ''तुमच्यात अमुक आहे का?'' याचं उत्तर आता फोन न ठेवता देता येतं. या कामाचे वेगळे पैसे मात्र कुणी देत नाही. बिलात ओळ टाकली की ''हे काय?'' म्हणून फोन येतो.

सध्या अशा तीन सवलती चालू आहेत. त्यातली एक त्याच रिपोर्टच्या लायब्ररीची. नवी आवृत्ती बसवली की व्यापाऱ्याच्या डॉट-मॅट्रिक्स प्रिंटरवर पट्टी एक ओळ खाली सरकते आणि तोलाईचा आकडा हमालीच्या रकान्यात पडतो. मुदत चौथ्यांदा वाढवलीय.