संभाजीनगर ते तुळजापूर, काटा ऐंशीच्या आत

धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून संभाजीनगरहून तुळजापूरला एका दिवसात जाऊन येता येतं. जाताना साधारण २६५ किलोमीटर. रस्ता असा मोकळा, की आडूळ मागे पडेपर्यंत काटा शंभरावर जातो आणि तिथेच राहतो. पेट्रोलने मात्र लिटरमागे शंभरी केव्हाच ओलांडली आहे. म्हणून पौषातल्या शाकंभरी नवरात्रात आई, बायको आणि मेव्हण्याला घेऊन निघालो, तेव्हा या खेपेला ऐंशीच्या वर जायचं नाही असं ठरवूनच निघालो.

आदल्या दिवशी टपावरचा कॅरिअर काढून ठेवला. रिकामा असला तरी तो वारा अडवतोच. हवा पहाटे, गाडी हलण्याआधी पाहिली, कारण टायर तापला की दाब वाढलेला दिसतो आणि आकडा फसवतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. हवा कमी असली तर टायर चेपत चालतो आणि इंजिनाला गाडी ओढावी लागते. पंपावर ऑटो कट होईपर्यंत टाकी फुल केली, ट्रिप मीटर शून्यावर आणला आणि निघालो.

पाचोडच्या पुढे मेव्हण्याला राहवेना. "दाजी, सगळे आपल्याला ओव्हरटेक करायलेत. दाबा की जरा!"

त्याला हिशेब सांगितला. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात हवेचा रोध वाढतो. ऐंशीवरून शंभरावर गेलं की वेग सव्वापट होतो, पण रोध दीडपटीहून जास्त. तो सगळा रोध पेट्रोल जाळूनच कापायचा. आणि सलग शंभरने गेलो असतो तरी कागदावर वाचली असती चाळीस मिनिटं. पाडळसिंगी आणि पारगावचे टोलनाके, चहा हे सगळं धरलं तर तेवढीही नाहीत.

शहागडला गोदावरी ओलांडली आणि उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागल्या. हंगामात एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्याही शिगोशिग भरलेल्या. माझ्या मते ॲव्हरेजचा खरा कस इथे लागतो. बरेच जण ट्रॉलीच्या बुडापर्यंत वेगात येतात, करकचून ब्रेक मारतात, गिअर उतरवतात आणि बाजूने वाट मिळाली की पुन्हा जोरात रेस देतात. पेट्रोल जाळून कमावलेला वेग ब्रेकमध्ये नुसती उष्णता होऊन जातो. मी नजर लांब ठेवली. ट्रॉली दिसली की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, आरशात पाहायचं आणि गाडी चालत्या गिअरमध्येच बाजूने काढायची. आईला गाडी लागते. त्या दिवशी ती शांत झोपली होती.

याच उसापासून बनलेलं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळून आपल्या टाकीतही येतं. इथेनॉलची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज आहे. जुन्या गाडीवाल्यांनी तेवढी घट धरूनच आपला आकडा तपासावा.

बीड सोडलं की मांजरसुंब्याचा घाट. चढाला पेट्रोल लागणारच. तिथे वरच्या गिअरमध्ये गाडी धापा टाकत नेण्यात बचत नाही. वर सरमकुंडी फाट्यावर कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे घेतले. येरमाळ्याला येडेश्वरीला गाडीतूनच हात जोडले, कारण दर्शनाची रांग आम्हाला दुपारच्या आत गाठायची होती. तुळजापुरात पार्किंगसाठी थांबावं लागलं, तेव्हा इंजिन बंद केलं. दहा सेकंदांच्या वर उभं राहायचं असेल तर बंद करून पुन्हा चालू करण्यातच पेट्रोल वाचतं. देवीचं दर्शन मनासारखं झालं.

परतताना ऊन होतं. महामार्गाच्या वेगाला काचा उघड्या ठेवण्यापेक्षा त्या बंद करून एसी बेताचा लावलेला बरा. मांजरसुंब्याचा उतार आला तशी मेव्हण्याने दुसरी सूचना केली, "आता न्यूट्रल करा दाजी, फुकटात बीड येतंय."

हा समज गावोगाव आहे आणि जिवावर बेतणारा आहे. फ्युएल इंजेक्शनची गाडी उतारावर गिअरमध्ये असली आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असला, तर चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं, शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो. डॅशबोर्डवरचा चालू ॲव्हरेजचा आकडा उतारभर सर्वांत वर टेकलेला पाहिला, तेव्हा मेव्हण्याला पटलं.

रात्री त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरलं. ५३२ किलोमीटरला २८ लिटर, म्हणजे लिटरला १९. याच रस्त्यावर आधी सोळा-साडेसोळा मिळायचं. चार लिटर वाचले, चारशे रुपयांच्या वर. पुढच्या महिन्यात लातूरला जायचंय, मांजरसुंब्याहून केज-अंबाजोगाई मार्गे. त्या रस्त्यालाही असंच टाकी फुल ते टाकी फुल मोजणार आहे. गाडी मेव्हणा चालवणार आहे.