तुम्ही विचारलंत म्हणून: गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या आणि पाळी बिघडली?

पहिलं मूल तीन-चार वर्षांचं झालं, दुसऱ्याचा चान्स घ्यायचं ठरलं, की आमच्या आरोग्य उपकेंद्रावर हा प्रश्न हमखास येतो. "सिस्टर, गोळ्या खात होते तोवर पाळी अगदी तारखेला यायची. बंद केल्या आणि सगळं बिघडलं. गोळ्यांनी पिशवी वाळली का हो?"

वाळत नाही. आणि तारखेला यायची ती खरी पाळी नव्हतीच. माला-एनचं पाकीट आठवा. 28 गोळ्या, त्यातल्या 21 पांढऱ्या आणि 7 काळपट. पांढऱ्यांत हार्मोन्स असतात, काळपट नुसत्या लोहाच्या. पांढऱ्या संपल्या की बाहेरून मिळणारे हार्मोन्स थांबतात, पिशवीचं अस्तर सुटतं आणि अंगावर जातं. त्या महिन्यात बीज सुटलेलंच नसतं. गोळीचं कामच ते. मी पाकिटावर बोट ठेवून विचारते, "या काळ्या गोळ्या सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत यायची ना?" बाई हो म्हणते आणि मग तिचं तिलाच कळतं.

गोळ्या थांबल्यावर अंडाशयाला पुन्हा आपणहून कामाला लागावं लागतं. कुणाचं पहिल्याच महिन्यात जमतं, बहुतेकींचं तीनेक महिन्यांत. तोवर एखादी पाळी लांबते, एखाद्या वेळी नुसते डाग दिसतात. थोरलीनंतर मीही माला-डी घेत होते. बंद केल्यावर पहिली पाळी इतकी लांबली की सासूबाईंनी घरात पपई आणणंच बंद केलं! तसं काही नव्हतं.

पण मी एक उलटा प्रश्नही विचारते: लग्नाआधी पाळी कशी होती? तेव्हाही दोन-दोन महिने येत नसेल, तर पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा हार्मोन्स बिघडण्याचा त्रास, असू शकतो. गोळ्यांनी तो झाकला होता, आता उघडा पडला. तिथे वाट बघण्यात अर्थ नाही, लवकर तपासून घ्या.

अंतरा, म्हणजे दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन, घेणाऱ्यांचं गणित वेगळं. ते औषध दंडात साठून हळूहळू उतरतं. तीन महिन्यांची मुदत संपली म्हणून असर लगेच संपत नाही. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला साधारण 7 ते 10 महिने लागतात, कधी त्याहून जास्त. ते आधीच सांगायला हवं आणि घाईगर्दीत राहून जातं, हे आमच्याच खात्याबद्दल म्हणते. तांबीत हार्मोन नसतात, त्यामुळे ती काढली की त्याच महिन्यातही दिवस राहू शकतात.

पाळी आली नाही म्हणून मेडिकलमधून परस्पर 'पाळी आणायच्या गोळ्या' मात्र आणू नका. बीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे गोळ्या थांबवल्यावर एकही पाळी न येता दिवस राहिलेल्या बायका असतात. आधी लघवी तपासा. आशाताईंकडे दिवस राहिलेत का ते बघायचं निश्चय किट फुकट मिळतं.

चौदाव्या दिवसाचाही फार बाऊ झालाय. बीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी सुटतं. पाळी 35 दिवसांची असेल तर ते एकविसाव्या दिवसाच्या आसपास येईल. त्यात नवी पाळी अजून घसरत असताना कॅलेंडरवर खुणा करून काय उपयोग? त्यापेक्षा अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्याकडे बघा. बायका घाबरून सांगतात, "चार दिवस पांढरं जातंय, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, बोटांत ताणलं तर तार धरतं." अगं, तेच तर हवंय! बीज सुटायची वेळ जवळ आली की असंच होतं, आणि गोळ्या चालू असताना ते दिसत नाही. हेच दिवस जवळ येण्याचे. पुरुषाचं बीज आत पाच दिवसांपर्यंत टिकतं, बाईचं जेमतेम एक दिवस, त्यामुळे थोडं आधीच असलेलं बरं. वास येत असेल, खाज असेल किंवा दह्यासारखं फुटकं जात असेल, तर तो संसर्ग, दाखवून घ्या.

फोलिक ॲसिडची गोळी मात्र दिवस राहायच्या आधीपासूनच सुरू करा.

तीन महिने पाळी नाही आणि किटवरही काही नाही, तर डॉक्टर गाठा. पाळी येतेय पण वर्षभर दिवस राहिले नाहीत तरीही, आणि वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. जाताना नवऱ्याला बरोबर न्या. त्याची वीर्यतपासणी साधी असते, स्वस्त असते, आणि आपल्याकडे बाईच्या सगळ्या सोनोग्राफ्या झाल्यावर मग कुणाला तरी ती आठवते.