साखळी की पैंजण?

प्रयोगाला दोन आठवडे राहिलेत आणि माझ्या क्यूशीटवर (कुठे काय वाजवायचं त्याची यादी) सहाव्या अंकासमोर अजून नुसतं प्रश्नचिन्ह. आम्ही शूद्रकाचं मृच्छकटिक करतोय, गद्य मराठीत, दहा अंक कापून कापून दोन तासांत बसवलेत, सगळे नोकरी सांभाळून करणारे हौशी, आणि म्युझिक माझ्या गळ्यात पडलं कारण लॅपटॉप माझा (आणि मला अभिनय येत नाही हे सगळ्यांना माहितीय).

पहिल्याच मीटिंगला सगळ्यांचं एकच, पाचव्या अंकात पाऊस आहे ना, मग मल्हार टाक, मागे बासरी. अरे पण शूद्रकाने वाद्यांची यादीच देऊन ठेवलीय! तिसऱ्या अंकात शर्विलक हा चोर भिंत फोडून नायकाच्या, म्हणजे चारुदत्ताच्या, घरात शिरतो तर आत मृदंग, दर्दुर, पणव (हीही जुनी चर्मवाद्यंच), वीणा, बासऱ्या, त्याला वाटतं हे नाट्याचार्याचं घर की काय. बासऱ्या आहेत, मान्य. पण मी चारुदत्ताला एकटी वीणा दिली, कारण त्याच अंकात तो रेभिल या गायकाचं गाणं ऐकून येतो आणि वीणेचं कौतुक करता थकत नाही. पावसाचं म्हणाल तर नायिका वसंतसेना आणि तिच्यासोबतचा विट ढगांवर इतकं बोलतात की ट्रॅक चालू ठेवला तर शब्दच वाहून जातात. म्हणून संवाद थांबले की तेवढ्यापुरता पाऊस, तोही विंगेत सुपात वाटाणे घोळवून.

दहाव्या अंकात चारुदत्ताला वधाला नेतात, तिथे चांडाळांच्या दवंडीला हलगी घेतलीय. एसीत ती ढिली पडते, शेकून ताणायला हॉलमध्ये शेकोटी पेटवता येत नाही, मग हेअर ड्रायर. चालतंय.

अडलंय ते सहाव्यात. राजाने डांबलेला आर्यक तुरुंगातून पळालाय, पायात तुटकी बेडी, तो मागून चारुदत्ताच्या बैलगाडीत चढतो आणि गाडीवान वर्धमानकाला ती खळखळ ऐकून वाटतं वसंतसेनेचे नूपुर वाजले, म्हणजे बाई आल्या, आणि हाकतो गाडी! आता हा आवाज करायचा कसला? बहिणीचे पैंजण वाजवले तर प्रेक्षकांनाही वसंतसेनाच वाटेल, मग गंमत काय राहिली. सायकलची चेन गॅरेजसारखी वाजली, नाचाचे घुंगरू आणले तर तालमीत सगळे लावणी म्हणून ओरडले. शेवटी शेजारच्या काकूंकडून त्यांच्या मोती कुत्र्याची साखळी आणली, अर्धी फडक्यात गुंडाळली, अर्धी मोकळी सोडली आणि आर्यकाच्या खऱ्या पायाला बांधली, स्पीकर नाहीच. पहिलं पाऊल जड पडलं, खळ्ळ. दुसरं त्याने घाबरून हळूच टाकलं आणि ते चक्क छुम्म वाजलं.

ते दुसरं पाऊल परत तसंच पडत नाहीये. काल बावीस वेळा चढवला त्याला गाडीत, बिचाऱ्याची पोटरी सोलवटलीय. काकू रोज विचारतात साखळी कधी देतोस, मोती तोवर सुतळीवर आहे आणि त्याने आतापर्यंत दोन सुतळ्या तोडल्यात.