शेजारच्या आजोबांची लॉगबुकं

इंग्लंडमधल्या लिंकनला राहायला आल्यावर शेजारच्या आजोबांशी ओळख झाली ती त्यांच्या छोट्या विमानाच्या वेडामुळे. दुसऱ्या महायुद्धात ते लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानावर रिअर गनर, म्हणजे शेपटीत बसून मशीनगन चालवणारे, होते, हे बरंच नंतर कळलं. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने विचारलं, "नातवंडांसाठी बाबांच्या उड्डाणांची हकीकत लिहायची आहे. मदत करशील?" मी लगेच हो म्हटलं.

सुरुवात लॉगबुकांपासून, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंद असलेल्या वह्यांपासून केली. युद्धातल्या वहीत रात्रीची उड्डाणं लाल शाईत आहेत. तारीख, विमानाचा क्रमांक, वैमानिकाचं नाव, स्वतःचं काम, किती तास. बस्स. 30 मार्च 1944 च्या ओळीत न्यूरेंबर्ग (जर्मनीतलं शहर) आणि तास, एवढंच. त्या रात्री ब्रिटनची 95 बॉम्बर विमानं परतली नाहीत, बॉम्बर कमांडची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाची, ती सगळ्यात वाईट रात्र. वहीत त्याचा उल्लेखही नाही.

मग लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे वळलो. तिथे प्रत्येक स्क्वॉड्रनची (विमानांच्या तुकडीची) महिन्यागणिक नोंदवही आहे. पण वैमानिकाच्या किंवा गनरच्या नावाने शोधायला गेलं तर सहसा हाती काही लागत नाही. स्क्वॉड्रन आणि महिना माहीत हवा, म्हणून लॉगबुक आधी वाचलेलं बरं. आजोबा ईस्ट कर्कबीच्या हवाई तळावरच्या 57 स्क्वॉड्रनमध्ये होते. तिच्या नोंदवहीच्या टाइप केलेल्या पानांवर विमानातल्या सातही जणांची नावं, उड्डाणाची आणि उतरण्याची वेळ, लक्ष्यावर काय दिसलं ते, असं सगळं मिळालं. लॉगबुकातल्या एकेका ओळीला त्यामुळे अंग आलं. हवाई दलातल्या नोकरीच्या कागदांसाठी मात्र मुलीलाच अर्ज करावा लागला, मृत्यूचा दाखला जोडून, आणि ते यायला पुष्कळ वेळ गेला. तो अर्ज पहिल्याच दिवशी टाकावा.

ईस्ट कर्कबीला आजही एक लँकेस्टर आहे, इंजिनं सुरू करून जमिनीवर फिरवतात. शेपटीतली गनरची जागा जवळून पाहिली. पाय लांब करायलासुद्धा जागा नाही, तोंड मागे, बाकीच्या सहा जणांपासून लांब. विजेच्या तारांनी गरम होणारा सूट घालूनही थंडीने बोटं बधिर व्हायची. बॉम्बर कमांडचे सव्वा लाख विमानसैनिक, सगळे स्वेच्छेने आलेले. त्यातले 55,500 हून जास्त मेले. आणि खाली बर्लिनमध्ये बायकामुलं मरत होती, हेही लिहायचंच असा मुलीचा आग्रह होता. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण विसरलेही नव्हते, असं ती म्हणाली. मला तिचं पटलं.

खरी मजा पुढच्या वह्यांत आली. युद्ध संपल्यावर आजोबांनी फ्लाइंग क्लबात टायगर मॉथ या छोट्या विमानावर विमान चालवायचे धडे घेतले. लाल शाई गेली. वैमानिकाच्या रकान्यात आधी शिक्षकाचं नाव दिसतं आणि मग एका पानावर पहिल्यांदा ते स्वतः! पुढची कित्येक वर्षं तो रकाना तसाच भरलेला आहे: नॉरफोकचा किनारा, वेल्स, एकदा फ्रान्स, शेजारी बायको. युद्धाची पानं मोजकीच, बाकीच्या वह्या जाडजूड. हकीकतही मी त्याच मापाने लिहिली, कारण निम्मी पानं लढाईला दिली असती तर हा माणूस ओळखूच आला नसता.

युद्धाची वही आम्ही लिंकनच्या बॉम्बर कमांड केंद्राच्या डिजिटल संग्रहासाठी स्कॅन करायला देणार आहोत. क्लबाच्या वह्या थोरल्या नातवाने मागून घेतल्यात, तोही आता उडायला शिकतोय.