दगडफूल: कोरडं खोड, ओलं खोड

पन्हाळ्याच्या तबक उद्यानातली काही खोडं मार्चमध्ये हेरून ठेवली होती. कोरडे फोटो तेव्हाच काढून झाले, आता पावसाळी फेरी सुरू आहे. विषय एकच, दगडफूल. आपल्या चटणीत पडतं त्याचेच भाऊबंद, पण मसाल्याच्या पुडीतलं दगडफूल बघून खोडावरच्या रंगांची कल्पना येत नाही.

यात बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात. वरचा थर बुरशीचा. कोरडा असताना तो करडा आणि अपारदर्शक असतो. भिजला की आरपार दिसू लागतं आणि आतल्या शैवालाचा हिरवा रंग वर येतो. कोरड्या आणि ओल्या फोटोंची जोडी करायची ती याचसाठी. दोन्ही वेळचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, मात्र ग्रे कार्डावरच (ठरावीक करड्या रंगाच्या कार्डावर) बांधायचा. झाडाखाली पानांची हिरवी झाक सगळ्यावर पडते, मग दगडफुलाचा हिरवा कुठला आणि पानांचा कुठला हे कळत नाही. छत्रीही काळीच बरी, रंगीत छत्री खोडाला रंगवते.

खरी झटापट ओल्या खोडावरच्या चकाकीशी आहे. १:१ मॅक्रोला, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकारात उमटते तेव्हा, लेन्सचं छिद्र एफ/८ ठेवलं तरी परिणामी ते एफ/१६ इतकं बारीक होतं, आणि फोकसमध्ये जेमतेम मिलिमीटरभर जाडी सापडते. म्हणून सेन्सर खोडाला समांतर धरावा लागतो. पण समोरून बघताना पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, जवळजवळ निकामी! पाण्यावरची चकाकी तो सगळ्यात चांगली कापतो ती तिरकं, लंबापासून ५३ अंशांच्या आसपास बघताना. तिरकं धरलं की रंग मिळतो आणि कडा फोकसमधून जातात. शिवाय पोलरायझर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, तो धुक्यात आधीच कमी.

तिरकं धरून फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं, करून पाहिलं. चालतं, पण वाऱ्यात वरून ठिबकणारं पाणी स्टॅकची वाट लावतं. त्यापेक्षा थांबणं भारी. पाऊस उघडला की पृष्ठभागावरचा पाण्याचा पापुद्रा ओघळून जातो, दगडफूल मात्र आतून ओलंच राहतं. तेवढ्या वेळात समांतर धरून, पोलरायझर काढून, ट्रायपॉडवर सावकाश शटर. माझ्या चांगल्या फ्रेम सगळ्या याच वेळच्या. स्प्रे बाटली मला पटत नाही. पन्हाळ्याला पाण्याची काय कमी?

सध्या जीव अडकलाय तो ग्राफिस जातीच्या दगडफुलात. फिकट सालीवर बारीक काळ्या रेघा, थेट मोडीतला मजकूर वाटावा अशा. त्याला समोरचा उजेड चालत नाही, रेघांचा उठाव मरतो. बाजूनं लहान टॉर्च, त्यावर पांढरा पातळ कागद, एवढ्यावर काम भागतं. गवा बघायला दाजीपूरला जाणारी आमची दोस्तमंडळी मला खोडाला नाक लावून उभा बघून हसतात. हसू देत. पाऊस ओसरला की त्यांच्याच गाडीतून तिकडच्या खोडांकडे जायचं आहे.