सहा बावन्नची बदलापूर

दादरला कसाबसा चढलो तेव्हा डब्यात मशालीचं कौतुक चाललं होतं. ठाणं आलं, तसे धनुष्यबाणवाले बोलायला लागले. २०२४च्या लोकसभेचा नकाशाच म्हणा ना! दादरला अनिल देसाई, मुलुंडपर्यंत संजय दिना पाटील, ठाण्यात म्हस्के, डोंबिवलीत श्रीकांत शिंदे. आणि आमचं बदलापूर भिवंडीत, म्हणजे तुतारीचे बाळ्यामामा म्हात्रे. (आमदार मात्र भाजपचा, ते वेगळंच!)

चौथ्या सीटवरचे काका मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत होते. म्हणाले, "गिरगावातली खोली विकून डोंबिवली, पोराचं लग्न झाल्यावर बदलापूर. मी तोच हो, खासदार तेवढे बदलतात."

मत कुणाला, ते नाही सांगितलं. उतरताना हातावर चार दाणे ठेवले. गोड होते.