सध्या काय काय बघून झालं

फ्रीरेनचा पहिला सीझन संपवला एकदाचा. २८ एपिसोडची ॲनिमे, आणि गंमत म्हणजे गोष्ट सुरूच होते राक्षसराजाला मारून झाल्यावर, म्हणजे बाकीच्या सिरीज जिथे संपतात तिथून! राक्षसराजाला मारणारा हिरो हिमेल म्हातारा होऊन जातो आणि हजार वर्षं जगलेली एल्फ फ्रीरेन त्याच्या अंत्यविधीत रडते की १० वर्षं सोबत फिरलो पण याला नीट ओळखून घ्यायचा प्रयत्नच केला नाही, तिथेच मी गारद. नंतर जादूगारांच्या परीक्षेचा भाग मात्र उगाच ताणलाय (त्यापेक्षा फ्रीरेनसोबत फिरणाऱ्या फर्न आणि श्टार्कची भांडणं अजून दाखवली असती तर मी आनंदाने बघितली असती).

परफेक्ट डेज पण बघितला. टोकियोत सार्वजनिक टॉयलेट साफ करणारा माणूस, फारसा बोलत नाही, तरी पिक्चर कंटाळवाणा होत नाही. कोजी याकुशोला २०२३ ला कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये बेस्ट ॲक्टर दिलं ते अगदी बरोबर.

शोगुन सिरीज चालू केलीये. बरेचसे संवाद जपानीत, त्यामुळे मोबाईल बघत बघत बघायची सोयच नाही. मारिको झालेली ॲना सवाई भारीच आहे, त्यातला इंग्रज खलाशी ब्लॅकथॉर्न मात्र मला अजून तरी ठीकठाकच वाटतोय.